‘२४ तास खुली’ ही पाटी उतरवा

येत्या १ तारखेपासून आमची अभ्यासिका रात्री ११ला बंद होईल आणि सकाळी ७ला उघडेल. पाटीवरचे ‘२४ तास खुली’ हे शब्द पुसायला पेंटरने दोनशे रुपये सांगितले. एरवी मी घासाघीस केली असती. या वेळी मुकाट्याने हो म्हटलं.

खरं तर आमच्याच पोरांसाठी सूचना फलकावर चार ओळी लिहायला बसलो होतो. लिहिताना लक्षात आलं, एकट्या माझ्या दाराला कुलूप लावून काही होणार नाही. पोरं बॅग उचलतील आणि पुढच्या गल्लीतल्या दुसऱ्या अभ्यासिकेत जाऊन बसतील. तिथेही पाटी हीच आहे. पुण्यात शास्त्री रोडपासून सदाशिव पेठेपर्यंत आणि नारायण पेठेपासून नव्या पेठेपर्यंत, रात्री दीडला फिरून बघा, कुठल्या वाड्याच्या नि कुठल्या इमारतीच्या खिडक्यांत ट्यूबलाइट जळतेय ते. म्हणून चार ओळींचं हे एवढं लांबलं. हे माझ्यासारख्या अभ्यासिकावाल्यांना आहे, क्लासवाल्यांना आहे, गावाकडच्या आईवडिलांना आहे, आणि सगळ्यांत आधी त्या खुर्च्यांत बसलेल्या मुलामुलींना आहे.

निमित्त एका वहीचं झालं.

मागच्या महिन्यात झाडलोट करणाऱ्या मावशींनी ३४ नंबरच्या खुर्चीखालून एक वही आणून दिली. निळा पुठ्ठा, दोनशे पानी. वर नाव नाही. आमची मुलं वहीवर नाव घालत नाहीत, पहिल्या पानावर पद लिहितात. या वहीवर ‘उपजिल्हाधिकारी’ असं दोन रंगांत लिहिलं होतं. कोणाची आहे ते कळावं म्हणून चाळली. पानाच्या कोपऱ्यात वेळ टाकायची सवय होती. रात्री १०.१५ला राज्यघटना, आणीबाणीच्या तरतुदी. अक्षर असं की छापून घ्यावं. कलम ३५२, राष्ट्रीय आणीबाणी, संसदेची मान्यता एका महिन्याच्या आत. कलम ३५६, राष्ट्रपती राजवट, मान्यता दोन महिन्यांच्या आत. दोन्हींभोवती लाल चौकट. १२.४०च्या पानावर ओळी उजवीकडे उतरू लागलेल्या. १.५०ला पुन्हा कलम ३५२, तेही एकाखाली एक दोनदा, आणि पुढे मान्यता ‘दोन महिन्यांच्या आत’. २.३५ला ‘३५६ म्ह’ एवढंच, आणि तिथून पेनाची एक रेघ घसरत घसरत पानाच्या तळापर्यंत गेलेली. पुढच्या पानावर चहाच्या कपाचा गोल.

सव्वादहाला जे बरोबर येत होतं, ते पावणेदोनला स्वतःच्या हाताने चुकीचं लिहून ते लेकरू खुर्चीतच झोपलं. आणि एक महिना की दोन महिने, लोकसेवा आयोग नेमकं हेच विचारतो! चार पर्यायांत दोन्ही दिलेले असतात. चुकीच्या गोलाला वरून गुण कापतात ते वेगळंच.

मी १६ वर्षं ही अभ्यासिका चालवतो. या वर्षांत मीही ‘रात्रीचे जादा तीनशे’ घेतलेत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना कोणीतरी ते काढणारच. रात्री अकरानंतर बसणाऱ्यांकडून महिन्याला तीनशे रुपये वेगळे. त्यातून विजेचं बिल निघून वर उरतात. मला वाटायचं, आपण गरजूंची सोय करतोय. खोलीवर जागा नाही, रूम पार्टनर मोबाइलवर मोठ्याने बोलतो, मग पोराने जायचं कुठे? आजही यात तथ्य आहे. पण त्या वहीनंतर मी एका रात्री दीड वाजता सीसीटीव्हीच्या पडद्यासमोर बसून मोजलं. ४१ जण बसलेले. १७ डोकी टेबलावर. ९ जण मोबाइलमध्ये. दोघं जिन्यात चहा पीत उभे. उरलेले पुस्तकाकडे बघत होते, पण मी वीस मिनिटं पाहत होतो आणि त्यांतल्या पाच-सहा जणांचं पान काही उलटलं नाही. त्याला अभ्यास म्हणता येईना, आणि मान वाकडी करून टेबलाच्या फळीवर काढलेल्या त्या डुलकीला झोपही म्हणता येईना. दोन्हींचं भाडं मात्र मी घेत होतो.

आता कोणी म्हणेल, परीक्षा काय झोपा काढून पास होतात? होत नाहीत. पण झोपा न काढता वाचलेलं टिकत नाही, हेही तितकंच खरं. कसं ते आमच्या मुलांना कळेल अशा भाषेत सांगतो, कारण यांतल्या निम्म्यांना तलाठी नाहीतर तहसीलदार व्हायचंय. तलाठ्याकडे फेरफाराची नोंद झाली म्हणजे जमीन नावावर झाली का? नाही. मंडळ अधिकाऱ्याने ती नोंद प्रमाणित करावी लागते, मग ती सातबाऱ्यावर चढते. दिवसभर तुम्ही वाचता ती फेरफाराची नोंद. मेंदूच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग आहे, तिथे ती कच्ची पडून असते. रात्री गाढ झोप लागली की मेंदू दिवसभराच्या त्या नोंदी पुन्हा पुन्हा चाळतो आणि कायमच्या दप्तरात उतरवतो. १९९४ साली शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत हे होताना पकडलं. दिवसा नवी वाट शोधताना ज्या पेशी एकत्र चेतल्या होत्या, त्याच पेशी नंतर उंदीर झोपला असताना पुन्हा एकत्र चेतत होत्या. उंदीर झोपेत आपली रिव्हिजन करत होता म्हणा ना! मंडळ अधिकारी हा असा रात्री येणारा माणूस आहे. तो आला आणि कार्यालयच चालू, तलाठी अजून नव्या नोंदी घेतोय, तर जुन्या प्रमाणित व्हायच्या कधी?

ही आजची टूम नाही. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख या दोघांनी प्रयोग केला. प्रयोगाला विद्यार्थी दोनच होते. त्यांना निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायला दिल्या, कधी सकाळी, कधी झोपायच्या आधी, आणि ठरावीक तासांनी म्हणून दाखवायला सांगितलं. मधला वेळ तेवढाच असला, तरी झोपून उठल्यावर जास्त आठवायचं. जागं राहून इतर उद्योग केल्यावर कमी. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. आपल्याकडे तर त्याच्याही कितीतरी आधी चरकाने शरीराचे तीन उपस्तंभ सांगताना आहाराच्या लगेच पुढे निद्रेचं नाव घेतलंय. आणि आपण पोरांना शाळेपासून काय शिकवतो? श्वाननिद्रा! विद्यार्थ्याची झोप कुत्र्यासारखी सावध हवी म्हणे. ज्याने कोणी ही उपमा काढली त्याने कुत्रा पाळला नसावा. आमच्या अभ्यासिकेच्या पायरीवरचा मोती दिवसाचे दहा-बारा तास सहज झोपतो, आणि कुत्र्यांच्या जातीला तेवढी झोप लागतेच.

‘मला सहा तास पुरतात, मला सवय झालीय.’ हे वाक्य मी रोज ऐकतो. याच वाक्यासाठी २००३ साली प्रसिद्ध झालेलं एक संशोधन सांगतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निरोगी माणसांचे गट करून त्यांना सलग १४ दिवस ठरावीक तासच झोपू दिलं, कोणाला आठ, कोणाला सहा, कोणाला चार. सहा तासवाल्यांची एकाग्रता रोज थोडी थोडी घसरत गेली. दोन आठवड्यांनी काही चाचण्यांत ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतके मागे पडले होते. पण खरी मेख पुढे आहे. त्यांना विचारलं, झोप येतेय का? तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांना आपण आणखी बिघडतोय असं वाटतच नव्हतं. कामगिरी खाली चाललेली, आणि माणूस म्हणतोय मी ठीक आहे. दारू चढलेल्याचंही असंच असतं, त्याला विचारलं तर तो कधीच प्यायलेला नसतो.

दारूचा उल्लेख उगाच केलेला नाही. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी हीच तुलना केली. सलग १७ तास जागा असलेला माणूस हाता-डोळ्यांच्या मेळाच्या चाचणीत रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका चुकतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवायची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. सकाळी सहाला उठलेला विद्यार्थी रात्री अकराला १७ तास जागा असतो. त्यानंतर दोनपर्यंत बसून तो बाइकवर मित्राला डबलसीट घेऊन कात्रज नाहीतर वारज्याच्या खोलीवर निघतो. पोलिसाने अडवून नळीत फुंकायला सांगितलं तर काहीच निघणार नाही. ही दोघं सुखरूप पोचली की नाही, हे मला कधी कळत नाही. दुसऱ्या दिवशी खुर्ची भरलेली दिसली की जिवात जीव येतो.

आता घाई कशाची, ते सांगतो. पूर्वपरीक्षा जवळ आली की मुलं म्हणतात, ‘काका, शेवटचा महिना आहे, आता जागू द्या, परीक्षेच्या आदल्या रात्री मस्त झोपतो.’ २०१९ साली अमेरिकेतल्या एमआयटीत रसायनशास्त्राच्या वर्गातल्या मुलांच्या मनगटाला पट्टे बांधून पूर्ण सत्रभर त्यांची झोप मोजली गेली. ज्यांची झोप पुरेशी आणि रोज एकाच वेळची होती, त्यांचे गुण जास्त. गुणांमधल्या फरकाचा जवळजवळ पाव हिस्सा झोपेशी जुळत होता. आणि परीक्षेच्या नुसत्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी काही संबंध दिसला नाही. आधीचा आठवडा, आधीचा महिना, त्याचा संबंध होता. म्हणजे ही बाकी शेवटच्या रात्री एकरकमी फेडता येत नाही. हप्ते चालूच ठेवावे लागतात, आणि ते आज रात्रीपासून. परीक्षेची तारीख कळल्यावर सुरू करू म्हणाल तर उशीर झालेला असेल.

पण हे सगळं सांगून झालं की एक मुलगा असतोच जो मान खाली घालून वेगळंच बोलतो. मागच्या हिवाळ्यात बीडकडचा एक जण मला म्हणाला, ‘काका, आमच्याकडं या आठवड्यात रात्रीची लाइट आहे. बाप रात्री बारानंतर पाणी द्यायला रानात जातो. थंडीत, अनवाणी. आणि मी इथं पंख्याखाली झोपू?’ यापुढे सगळे प्रयोग फिके पडतात. मला तेव्हा काही सुचलं नव्हतं, मी नुसता चहा पाजला त्याला. आता सांगतो. बाबा, तुझा बाप हौसेने जागत नाही. कृषिपंपाला दिवसा वीज मिळाली असती तर तोही रात्री झोपला असता. विंचू-सापाच्या रानात तो जागतो, कारण त्याच्या पुढ्यात दुसरा पर्याय ठेवलेला नाही. तुझ्या जागण्याने त्याच्या वाफ्यात एक तांब्याही पाणी जास्त जात नाही. तू उद्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसलास तर दिवसाच्या विजेची फाइल पुढे सरकवशील कदाचित. तेवढ्यासाठी तरी नीट झोप.

दुसरी एक गोष्ट बोलताना जीभ जड होते, तरी बोलतो. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, हे आमच्या अभ्यासिकेत प्रत्येक तिसऱ्या डेस्कवर चिकटवलेलं आहे. जयंतीला सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम गावोगावी होतो, आमच्याकडेही होतो, आणि मी स्वतः दोनदा बसलोय. त्या दिवशी हॉलमध्ये जी शांतता असते ती वर्षात पुन्हा मिळत नाही. पण ते अभिवादन आहे. वर्षातल्या एका दिवसाचं. त्याचं ३६५ दिवसांचं वेळापत्रक करून स्टेटसला टाकणं, आणि अठरा भरले नाहीत म्हणून स्वतःला नालायक समजणं, हे बाबासाहेबांनी कोणाला सांगितलेलं नाही. अठरा तासांच्या फलकाखाली टेबलावर डोकं टेकून झोपलेलं पोर मी रोज बघतो. मला तो फलक काढवत नाही आणि ते पोरही बघवत नाही.

आता ज्याचं त्याचं काम ज्याच्या त्याच्या पदरात घालतो.

अभ्यासिकावाल्या मित्रांनो, तुम्ही माझ्यावर चिडणार हे मला माहीत आहे. आपल्या धंद्यात २४ तास म्हणजे मोठी अभ्यासिका, आणि बंद होणारी म्हणजे किरकोळ, असा हिशेब आहे. माझ्याकडचे पंधरा-वीस जण जातील असं मी धरून चाललोय. पण आपण सगळ्यांनी मिळून एकच वेळ ठरवली तर कोणाचंच कोणाकडे जाणार नाही. विजेचं बिल कमी होईल, रात्रीच्या माणसाचा पगार वाचेल, आणि जिन्यातल्या भांडणांवरून शेजारच्या सोसायटीचे फोन येतात तेही थांबतील. बैठक बोलवा, मी चहा पाजतो. अकरा जमत नसेल तर साडेअकरा करू, पण कुलूप लागू द्या. पहाटे पाचला उघडा, असा माझ्याच मुलांचा आग्रह होता. मी विचारलं, मग झोपणार कधी? उत्तर आलं, ‘बघू.’ म्हणून सात.

क्लासवाल्या सरांना आणि मॅडमना हात जोडून सांगणं आहे. सकाळी सातची टेस्ट आणि त्याच रात्री साडेदहाचं ‘लाइव्ह रिव्हिजन’ एकाच बॅचला लावू नका. टेलिग्रामच्या ग्रुपवर रात्री बाराला चालू घडामोडींची पीडीएफ टाकली की शंभर मोबाइल एकदम उजळतात. ती सकाळी आठला टाकली तर चालू घडामोडी शिळ्या होत नाहीत. आणि यशस्वी उमेदवाराच्या सत्कारात त्याला ‘किती तास जागायचास?’ असं माइकवर विचारणं बंद करा. तो बिचारा भारावून चार तास वाढवून सांगतो. समोर बसलेली आठशे पोरं ते खरं मानतात.

आईवडिलांनो, तुम्ही रात्री फोन करून ‘अभ्यास करतोस ना?’ असं विचारता, त्यामागची काळजी कळते. पैसे कुठून येतात तेही ठाऊक आहे. फक्त प्रश्न बदला. ‘जेवलास का’ हे तुम्ही विचारताच, त्याला जोडून ‘काल किती वाजता झोपलास’ हे विचारा. घरी दहावी-बारावीचं लेकरू असेल तर त्याचं गणित आणखी वेगळं आहे. १३ ते १८ वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि या वयात शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकलेलं असतं. लवकर झोप येत नाही हा त्यांचा आगाऊपणा नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, लहानग्यांची झोप होत नाही म्हणून. चांगलं झालं. पण पाचवीत गेल्यावर लेकराची झोप लगेच कमी होते, असं कुठे आहे? सातच्या कॉलेजला जाण्याआधी साडेपाचच्या क्लासला बसणाऱ्या अकरावीच्या मुलीबद्दल मात्र कोणी निर्णय काढलेला नाही. तो तुम्हाला घरातच काढावा लागेल.

आणि आता तुम्ही, माझ्या पोरापोरींनो.

तुमच्या वयाला सात ते नऊ तास लागतात. मी सात म्हणतोय, त्याच्या खाली सौदा नाही. झोपायची वेळ बदलू नका, रविवारीसुद्धा. साडेनऊ वाजता कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात जो कडक चहा मारता, त्यातलं कॅफीन निम्मं व्हायलाच पाच तासांच्या आसपास लागतात. म्हणजे रात्री अडीचला त्यातलं अर्धं अजून रक्तात फिरत असतं. चहाने झोप संपत नाही. दिवसभर मेंदूत साचत गेलेला थकवा चहा फक्त झाकतो. वसुलीवाला दारात उभाच असतो, तुम्ही आतून कडी लावलेली असते इतकंच. संध्याकाळी पाचनंतर चहा नको. मला माहीत आहे, हे ऐकून तुम्ही हसणार आहात. पाचचं जमेना तर सातला तरी थांबा.

कॉट बेसिसच्या खोलीत झोपणं सोपं नाही, हे मी जाणतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच कॉट, एकाचा दिवा चालू, दुसऱ्याचा व्हिडिओ चालू, जुन्या वाड्यात असाल तर ढेकूण आहेतच. पण खोलीत पाच जण आहात म्हणजे पंचायत घेता येते. राज्यघटना पाठ आहे ना, मग खोलीची घटना लिहा: अकरानंतर मोठा दिवा बंद, फोनवर बोलायचं तर गॅलरीत, गजर पहिल्या ठोक्याला बंद करायचा आणि उठायचं. डोळ्यांवर बांधायला जुना गमछा चालतो, विकतचा पट्टा लागत नाही. मोबाइल उशीखाली नको, समोरच्या खिडकीत चार्जिंगला. दुपारी जेवल्यावर पेंग येते त्याला आळस समजू नका, त्या वेळी शरीराला तशी ओढ असतेच; वीस मिनिटांची डुलकी घ्या, गजर लावून. दोन तास आडवे झालात तर रात्रीचा विषय संपला. पीएसआयच्या ग्राउंडची तयारी करणाऱ्यांना हे दुप्पट लागू आहे. रात्री दोनपर्यंत वाचून पहाटे पाचला धावायला निघालेली मुलं पायाला पट्टी बांधून येतात आणि ‘ग्राउंड कडक होतं’ म्हणतात.

मुलींना रात्री इथे बसून मग एकटीने खोलीवर जायचं असतं, किंवा हॉस्टेलचं फाटक दहाला बंद होतं म्हणून त्या खोलीत टॉर्च लावून वाचतात. त्यांच्यासाठी सकाळी सात ते नऊ पुढची रांग राखून ठेवली आहे. हे पुरेसं नाही, सुचवण्या द्या.

आणि एक. ज्यांना वेळेवर आडवं होऊनही झोप लागत नाही, छातीत धडधडतं, निकालाचाच विचार फिरतो, पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात, त्यांना मी ‘लवकर झोप’ म्हणणं हा चेष्टेचा भाग होईल. असं दोन-तीन आठवडे चाललं तर डॉक्टरांना दाखवा. दवाखान्याची लाज किंवा पैशांची अडचण असेल तर सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६ हा नंबर. मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि ती रात्रंदिवस चालू असते. चोवीस तास उघडं राहायला हवं असं काही असेल तर ते हे.

रात्रीचे जादा तीनशे ज्यांनी या महिन्याचे भरलेत त्यांनी पावती दाखवून परत घेऊन जावेत. ज्यांना गावाकडच्या केंद्रावर पेपर आहे त्यांनी आदल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने खुर्चीत बसून जाऊ नये, दोन दिवस आधी निघावं; तिकिटाला पैसे कमी पडत असतील तर गुपचूप येऊन भेटा, चारचौघांत सांगायची गरज नाही.

निळ्या पुठ्ठ्याची ती दोनशे पानी वही माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. ‘दोन महिन्यांच्या आत’ त्यात मी पेन्सिलने खोडून ‘एक’ केलंय, माफ करा. ज्याची किंवा जिची असेल त्यांनी घेऊन जावी. रात्री अकराच्या आत.